पंधरा दिवसांनी बंद पडणारा एसी

“लाइट लागतोय, झडप उघडतीय, बाहेरचं मशीनबी घुमतंय. वारं तेवढं न्हाय,” रत्नाबाई म्हणाल्या. “महिन्यात दुसऱ्यांदा झालं हे, पावणं.”

गोमटेश स्टुलावर चढला. कागलहून एसटीनं येईतो शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पण पाणी कुणी विचारलं नाही. या घरात बिलाचा विषय कधी निघत नसे, तसा पाण्याचाही नाही.

त्यानं रिमोट तपासला. जाळी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. बोटानं ब्लोअर ढकलला, तो विनातक्रार फिरला.

“सूनबाई, बॅटरी धर त्यांना,” रत्नाबाईंनी हुकूम सोडला आणि स्वतः खुर्ची ओढून पहाऱ्याला बसल्या.

सुनेनं बॅटरी वर धरली तशा तिच्या हिरव्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. मागच्या खेपेला त्या मनगटाच्या जरा वरच अडकल्या होत्या. गोमटेशनं नजर मशीनमध्ये घातली.

सुनेचा फोन वाजला. तो रत्नाबाईंच्या मांडीवर होता. त्यांनी नाव वाचलं आणि कट केला.

कव्हर निघालं तसा बिघाड दिसला. ब्लोअरची वायर बोर्डातून सुटली होती. जळली नव्हती, उंदरानं कुरतडली नव्हती. कुणीतरी जाणत्या हातानं क्लिप दाबून ती ओढली होती. मागच्या वेळीही हेच, आणि त्याच्या मागच्या वेळीही हेच.

वायर बसवायला एक मिनिट पुरलं असतं. गोमटेशनं पाऊण तास लावला. बसवलेले स्क्रू पुन्हा काढले, कोरडी पाइप पुसली, मीटरच्या पिना उगाच इथंतिथं टेकवल्या. लाज कोळून प्यायल्यासारखा रमला होता गडी.

रत्नाबाई काही दूधखुळ्या नव्हत्या.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या, “दर पंधरा दिसांनी ह्यो बंद कसा पडतोय? जाताना तुम्हीच कायतरी कळ करून ठेवताय.”

“न्हाय ओ. व्होल्टेज कमीजास्त हुतंय, तवा...”

“शाहूपुरीत पावलापावलाला मिस्त्री हायती. पुन्हा बिघडला तर त्यातलाच एक बोलावणार. मग तुम्ही हिकडं फिरकायचं काम न्हाय.”

गोमटेशनं उरलेला स्क्रू घाईनं घट्ट केला. कागलची सगळी गिऱ्हाइकं गेली असती तरी चाललं असतं, पण हे एक घर सुटायला नको होतं.

“पुन्हा न्हाय बिघडायचा,” तो म्हणाला.

त्यानं रिमोट दाबला. गार वारं सुटलं.

“झालं न्हवं? मग निघा. काम सरल्यावर बसायची पद्धत न्हाय आमच्यात.”

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. रत्नाबाई उठून बाहेर गेल्या. जाताना फोन सोबत नेला.

सून बॅटरी पिशवीत ठेवायला खाली वाकली. दाराकडं बघत, ओठ फारसे न हलवता ती म्हणाली, “अप्पा, एसीच्या वायरला आता हात लावत न्हाय मी. लग्नात फ्रिजबी तुम्हीच दिलाय न्हवं? त्यातलं काय उपसायचं, तेवढं दावून जावा.”