खाडीचा वाटा

या मायबापहो, जरा पुढे सरून बसा. मूठभर भाताची गोष्ट आहे, फार वेळ घेत नाही.

खारं पाणी सोसणारा भात शोधता शोधता सुलभाताईंची नऊ वर्षं चिखलात गेली होती. प्रयोगाचं हे शेवटचं वर्ष. अन् भादव्याच्या उधाणात बांध फुटला, सगळी रोपं पिवळी पडून आडवी झाली. ताई इतक्या थकल्या होत्या की रडूही येईना.

"मेली का गो बाय, सगली?" शेजारच्या खाचरातून म्हाताऱ्या गोमाबाईने विचारलं.

"सगळी."

"मंग खाडीचा वाटा बघून ये. एवढी शिकलीस, पण बांधापलीकडं कधी बघितलं नाय!"

पेरणीची पहिली मूठ गोमाबाई बांधाबाहेर, खाडीला वाहायची. त्यातलं जे तगेल, त्याचंच बी पुढल्या वर्षी पुन्हा खाडीला. सासूने लावून दिलेला नेम, पन्नास वर्षं मोडला नव्हता.

ताई जड पायांनी बांध चढल्या. ओहोटीच्या चिखलात, मिठाने पांढऱ्या पडलेल्या जागी, वीसेक रोपं लोंब्या धरून उभी होती. ज्या जनुकासाठी ताईंनी प्रयोगशाळेत हाडं झिजवली, ते इथे दर वर्षी देवाला वाहिलं जात होतं. ताई तिथेच चिखलात बसल्या आणि पोटभर रडल्या.

तो भात आता खाडीकाठी पिकतो. कागदावर त्याला नुसता नंबर आहे. तुमच्या पानात कधी पडला, तर पहिल्या घासाला गोमाबाईची आठवण काढा.