जिवंत चुना

समुद्र तापले आणि प्रवाळ उरलं ते फक्त घरोघरच्या काचेच्या टाक्यांत. हेमलताबाईंकडचं सुपाएवढं प्रवाळ तर त्याच्या जातीतलं शेवटचं. ते कलंडू नये म्हणून त्यांनी बुडाशी नवा जिवंत चुना, म्हणजे जिवाणूंमुळे पाण्यातच घट्ट होणारा लगदा, भरला, पण हातमोजा न घालता, कणीक मळावी तसा. बघता बघता चुन्याचा दगड झाला आणि बोटं आतच राहिली.

"छिन्नी आणतो," दिगंबरराव म्हणाले. "उद्या नातीचं बारसं आहे."

"घाव बसला तर हे मरेल."

"मग एका झाडापायी जन्मभर अशी उभी राहणार?"

"झाड नाही हो, प्राणी आहे. कितीदा सांगू?"

त्यांनी हात ओढून पाहिला, तर सबंध प्रवाळ दचकून मिटलं. मग हळूहळू त्याची इवली तोंडं मनगटाभोवती पुन्हा उघडली.

"स्टूल आणा," त्या म्हणाल्या. "आणि लेकीला सांगा, पाळणा मी फोनवरून म्हणेन."