आधीचा ड्रमर

“थांब, थांब, थांब!” बेस गिटारवाल्या काकांनी तारांवर पंजा ठेवला. “तुझे बाबा असते ना, तर हे गाणं एव्हाना उरकून आपण जेवूनही आलो असतो.”

ती ड्रमसेटमागे अनवाणी बसली होती. पेडल पायाला नीट कळावं म्हणून वाजवताना ती चपला काढून ठेवायची. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट सारखा घड्याळ बघत होता. बाहेरच्या बाकावर त्याने एक बदली ड्रमर आणून बसवला होता. तो कशासाठी, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आज हे गाणं साधलं नाही, तर स्टुडिओच्या बँडमधली तिची जागा गेली.

काकांचं तुलनापुराण मात्र चालूच. या स्टुडिओने रेगे संगीताचे जेवढे जमाने पाहिले, त्या सगळ्यांत बेस एकट्या काकांचा. बाकीचे आले आणि गेले. पहिल्या बँडमध्ये ‘पैलवान’ ड्रमर होता. तेव्हा सगळे एकाच खोलीत, मधोमध एकच माइक, आणि पैलवान असा ठोकायचा की त्याला पार दाराशी नेऊन बसवायचे. दुसऱ्या बँडमध्ये तिचे बाबा. तोवर ज्याची त्याची खोली वेगळी झाली होती, कानांवर हेडफोन आले होते, आणि बाबांचा हात म्हणे लोण्यासारखा होता. मग ड्रम वाजवणारं मशीन आलं. मशीनला लोक कंटाळले, तेव्हा ती आली. काकांच्या लेखी हा सगळा उतारच होता. तिच्यासमोर ते मशीनचंसुद्धा कौतुक करायचे. म्हणायचे, “निदान ते तोंड पाडून बसत नव्हतं.”

“पहिला ठोका सोडतेस, पण सोडल्यासारखा वाटत नाही,” काका म्हणाले. “घाबरून हुकल्यासारखा वाटतो.”

रेगेची सगळी गंमतच तिथे असते. चारांतला पहिला ठोका, जिथे बाकीचं जग दणका देतं, तिथे ड्रमरने हात राखायचा. तिसऱ्यावर मात्र हात आणि पाय एकदम पाडायचे. ती हे बाबांच्या जुन्या रेकॉर्डी लावून शिकली होती, तेही बाबा घरी नसताना. ती लहान असतानाच बाबा एक दिवस या स्टुडिओतून तडकाफडकी घरी आले होते. “त्या माणसाच्या तोंडी सारखं पैलवान, पैलवान! मी काय माशा मारतो का?” एवढं बोलून त्यांनी ड्रमच्या काठ्या देऊन टाकल्या आणि रंगाच्या दुकानात नोकरी धरली. पुन्हा ड्रमला हात लावला नाही. काका तुमचं रोज कौतुक करतात, असं तिने एकदा सांगून पाहिलं होतं. बाबा म्हणाले, “त्याने? माझं? समजूत घालतेस होय माझी?”

गाणं पुन्हा सुरू झालं. तिने दात-ओठ आवळून वाजवलं. काकांनी पुन्हा पंजा ठेवला.

“अगं, त्याचीच लेक ना तू? मग तो हात गेला कुठे?”

“मग त्यांनाच बोलवा!” तिने काठ्या भिरकावल्या आणि ती दार ढकलून बाहेर पडली.

रस्त्यावर ती तरातरा कोपऱ्यापर्यंत गेली. परत वळली. पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेली. खड्ड्यात जावो तो बेस, खड्ड्यात जावो तो स्टुडिओ. पाय भाजायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं, चपला आतच राहिल्यात. रागावून निघून जायचं, तर तेही धड जमेना!

ती परत आली तेव्हा बाक रिकामा होता आणि दारावर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला होता. ती गुपचूप रेकॉर्डिस्टच्या खोलीत शिरली. त्याने ओठांवर बोट ठेवलं. काचेपलीकडे बदली ड्रमर जोरात वाजवत होता.

“थांब, थांब, थांब!” स्पीकरमधून काकांचा आवाज आला. “अरे, आत्ता ती पोरगी गेली ना, ती पहिल्या ठोक्याला असा हात राखायची, की बेसला अंगणभर जागा व्हायची. तिच्या बापाचंही तसंच. दोघांचा हात सोन्यासारखा. तू नुसता बडवतोयस!”

तिला आधी हसू फुटलं, मग रडू, आणि मग म्हाताऱ्याचा असा संताप आला की काच फोडावीशी वाटली. तोंडावर सांगायला काय धाड भरली होती?

तिने बाबांना फोन लावला. “काही बोलू नका. नुसतं ऐका.” आणि फोन स्पीकरला लावून धरला.

आत गाणं सुरू झालं, थांबलं. काका पुन्हा सुरू झाले. ती पोरगी, तिचा बाप, तो हात. बाप गेला तेव्हा आणि आज, दोन्ही वेळा आपलंच तोंड आवरलं नाही, असंही काहीतरी पुटपुटले. गाणं परत सुरू झालं. तिने फोन कानाला लावला. पलीकडे दुकानाच्या टेबलावर बाबांची बोटं वाजत होती, पहिला ठोका सोडून.

मग बाबा म्हणाले,

“तो नवा पहिल्यावरच मारतोय गं. आणि तू फोन धरून उभी काय राहिलीस? जा, आपल्या जागेवर बस.”