सहा गोळ्या

पेशंटने गोळी गिळलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खोलीतून हलायचं नाही, असं नर्सिंगच्या बाईंनी शिकवलं होतं. जनेल ते रोजच्या नेमासारखं पाळायची. तलावाकाठच्या त्या वृद्धाश्रमात थोरा आजींना सकाळी सहा गोळ्या असत. आजी त्या एकेक करून घेत. एक गोळी, दोन घोट पाणी, मग बर्फ फोडून मासे धरायच्या दिवसांची एखादी आठवण. मग दुसरी गोळी.

"आजी, आटपा की. शेजारच्या खोलीतले आजोबा माझ्या नावाने ओरडत असतील."

"ओरडू दे गं. तरणा होता तेव्हाही असाच ओरडायचा. गोळ्या माझ्या घशातून लवकर उतरत नाहीत, त्याला मी काय करू?"

जनेलला वाईट वाटलं. या वयात इतका त्रास नको, म्हणून तिने डॉक्टरांच्या मागे लागून आजींची सगळी औषधं पुन्हा तपासून घेतली. पाच गोळ्यांची आता गरजच उरली नव्हती.

सोमवारी ती हसतच आत आली. "आजी, आजपासून एकच गोळी. एका घोटात सुटलात."

आजींनी कागदी पेल्यातल्या एकुलत्या गोळीकडे पाहिलं. मग त्यांनी पलंगाजवळच्या खुर्चीवरचं विणकाम उचलून मांडीवर घेतलं आणि जनेलला बसायला जागा केली.

"गुणाची पोर आहेस," त्या हळूच म्हणाल्या. "हिचे सहा तुकडे करता येतील का गं?"