केसभर डावीकडे

मैदानाच्या टोकाला मृदुला कडुलिंबाला टेकून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "ये, सरळ माझ्याकडे ये."

हेरंब निघाला.

आभासी जगात माणसाला मनसोक्त चालता यावं म्हणून मृदुलाने शोधलेली युक्ती साधी होती. चष्म्यातलं दृश्य प्रत्येक पावलाला केसभर डावीकडे सरकवायचं. माणूस चाळीस फुटी हॉलमध्ये गोल गोल फिरत राहतो आणि त्याला वाटतं, आपण मैलोन्‌मैल सरळ चाललोय. सहा वर्षं रोज चाचणीला हेरंबच चालला. मधूनमधून दिशा बदलायला हवी, हे तिला कळत होतं. पण डावीकडचे आकडे इतके छान जुळत होते की तिने त्यांना हात लावला नाही.

आता चष्मा नसतानाही हेरंबचं पाऊल डावीकडेच पडत होतं. विसाव्या पावलाला तिच्याकडे त्याची पाठ झाली. डॉक्टरांनी तर केव्हाच हात टेकले होते.

तो थांबला. मान वळवून त्याने तिला शोधलं.

"मी सरळच येतोय गं," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "तूच का लांब लांब जातेयस?"

झाडाला टेकलेली मृदुला जागची हललीसुद्धा नव्हती.