एका मिनिटाचं कुलूप

“ताई, आधी जेवून घ्या. काम कुठं पळून जातंय?” साहेब म्हणाले.

नऊ वर्षांत साहेबांनी पाणी तपासणाऱ्या ताईंना एकदाही जेवायची आठवण केली नव्हती. गेल्या महिन्यापासून मात्र ताईंच्या पोटाची त्यांना भारीच काळजी. टेबलावर शाळेच्या टाकीच्या पाण्याचा निकाल होता आणि तो वाईट होता. काउंटरपलीकडे बाकावर शाळेच्या मावशी कागदाची वाट बघत बसल्या होत्या. ‘अयोग्य’ असा कागद हातात आल्याशिवाय टाकी बंद करायची नाही, अशी ताकीद देऊन शाळेनं त्यांना पाठवलं होतं. तोवर पोरं तेच पाणी पीत होती.

ताई उठल्या. संगणक चालूच ठेवला, डबा घेतला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या. दार मुद्दाम उघडं ठेवलं.

मागच्या महिन्यात त्या अशाच जेवायला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर एका विहिरीचं खराब पाणी त्यांच्याच सहीनं ‘पिण्यास योग्य’ ठरलेलं. सहीची वेळ एक वाजून दहा मिनिटं. तेव्हा ताईंच्या हातात घास होता. घरी लेकीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “आई, सगळे पासवर्ड संगणकातल्या तिजोरीत ठेवलेस, छान केलंस. पण तिजोरी सकाळी उघडतेस ती संध्याकाळपर्यंत सताड उघडी. मग ठेवलेस कशाला?” त्या दिवशी ताईंना साहेबांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला होता.

पहिल्या घासाला साहेब खिडकीबाहेर बघत होते. चौथ्या घासाला ते फिरत फिरत ताईंच्या टेबलापाशी आले. सहाव्याला खुर्चीत बसले. मग नुसताच बटणांचा आवाज येत राहिला.

“ताई, तुमचा संगणक बिघडला वाटतं.”

“बिघडला नाही. कुलूप लागलंय. मिनिटभर कुणी हात लावला नाही की आपोआप लागतं.”

“कुणी केलं हे?”

“मी.”

साहेब हसले. “अहो, आपल्याच माणसांत कसली कुलपं? पासवर्ड सांगा, एवढा कागद काढून टाकतो. मावशी ताटकळल्यात बिचाऱ्या.”

ताईंनी डबा झाकला. हात धुतले, सावकाश पुसले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि साहेबांच्या मनात आलं की बदलीचा हुकूम पाच मिनिटांत निघायचा. पण त्या विहिरीचं पाणी कोण कोण प्यायलं असेल, हे महिनाभर त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. आता बास झालं होतं.

त्यांनी येऊन कुलूप उघडलं, शाळेचा अहवाल पुढे घेतला आणि खुर्ची सोडून बाजूला उभ्या राहिल्या.

“बसा. आकडे मी भरलेत. निकाल मोकळा आहे, सही करणाऱ्याचं नावही मोकळं आहे. नाव तुमचं घाला, पासवर्ड तुमचा घाला आणि मावशींच्या देखत ‘योग्य’ लिहा.”

“माझं नाव कशाला? अहवालावर तुमचं असतं.”

“असतं ना. म्हणून तर मला जेवायला पाठवता. पोरं आजारी पडली तर माझ्या नावावर आणि तुम्ही नामानिराळे. ते आता चालायचं नाही.”

साहेबांनी माउस जरासा हलवला.

“हात लावलात, मिनिट पुन्हा सुरू,” ताई म्हणाल्या. “सावकाश होऊ द्या.”

तव्याचा चटका बसावा तसा साहेबांनी हात मागे घेतला. “हे महागात पडेल, ताई.”

“पडू दे.”

मावशी बाकावरून उठून काउंटरला टेकल्या होत्या. “बसा की साहेब,” त्या म्हणाल्या. “पाणी चांगलं असेल तर नाव घालायला काय जातंय?”

साहेब बसले नाहीत. तिघंही त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मग पडदा काळा झाला आणि मधोमध छोटंसं कुलूप आलं.

मावशींनी पिशवीतून फोन काढला. “अगं, टाकीचा नळ बंद कर. आत्ताच्या आत्ता. कागद येतोय मागनं.”

ताई बसल्या. कुलूप उघडून ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं आणि सहीच्या जागी स्वतःचं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण. छापलेला कागद मावशींच्या हातात दिला.

मग राहिलेलं जेवण संपवायला त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. संगणक चालूच होता, खुर्ची रिकामी होती. साहेब तिकडे फिरकले नाहीत.