अकरावी निळी फीत

"हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही," नव्या संगणकाने क्लेमला सकाळपासून सातव्यांदा सुनावलं.

"अरे, सोड ना त्याचा नाद," ग्लेनिस म्हणाली. वारिंडाच्या कृषी प्रदर्शन मंडळाची ती सचिव. "तीन वाजता करंडकावर नाव कोरणारा येतोय. नाव सगळ्या गावाला पाठ आहे. फळांच्या केकची सगळ्यांत जास्त, अकरा पहिली बक्षिसं, नोरीन हार्डविक. थेल्मा ग्रिगची दहा. झालं!"

"यादी प्रोग्राममधून छापलेलीच हवी. नियम आहे."

"नियम तूच केलास की!"

खरंच होतं. प्रोग्रामही त्यानेच लिहिला होता, एक्याण्णव साली, रेल्वेतली कारकुनी सांभाळून. प्रदर्शनात केकच्या बशीखाली नुसता आकडा असतो. तो आकडा कुणाचा, हे परीक्षकांना नाही, फक्त या प्रोग्रामला ठाऊक. कुठली नोंद कुणी, कधी बदलली तेसुद्धा बाजूला आपोआप उमटायचं. केकच्या यादीला एवढा बंदोबस्त म्हणून मंडळी पोट धरून हसली होती. त्याची बायको नोरीन तेवढी हसली नाही. वीस वर्षं तिनेच नोंदी टाईप केल्या.

गेल्या हिवाळ्यात ती गेली, आणि उन्हाळ्याच्या झळांत जुना संगणकही गेला. उरल्या फ्लॉप्या.

क्लेम उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. आता एकच उपाय होता. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग उभं करायचं आणि प्रोग्रामला त्यात नेऊन बसवायचं. त्याने बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हमध्ये नोंदींच्या तीन प्रतींपैकी पहिली फ्लॉपी सरकवली. वाचली जाईना. दुसरी घरघरली आणि गप्प झाली.

"तुझ्या स्वयंपाकघरात पहिल्या बक्षिसाच्या दहाच निळ्या फिती मोजल्या हं मी," ग्लेनिस चिडवत म्हणाली. "अकरावी कुठे दडवलीस?"

"नोरीनने ती लावलीच नाही. ओव्हनच्या वाफेने रंग उडतो म्हणायची."

"बाकी दहांचा नाही उडत?"

क्लेमने तिसऱ्या फ्लॉपीवरची धूळ फुंकली. "थेल्मा येणार ना उद्या?"

"चाकाच्या खुर्चीतून. ब्याण्णव वर्षांची झाली बिचारी, दोन शब्द बोलली की धाप लागते. हे तिचं शेवटचंच प्रदर्शन. आणि तिच्यासमोर टाळ्या वाजायच्या नोरीनच्या नावाला! पण आपण तरी काय करणार?"

क्लेमच्या हाताचा धक्का लागून कप कलंडला. त्याने बाहीनेच टेबल पुसलं. घड्याळात सव्वादोन झाले होते.

तिसरी फ्लॉपी वाचली गेली. काळ्या चौकटीत हिरवी अक्षरं उमटली.

"चाललं!" ग्लेनिस ओरडली. "काय चिवट म्हातारा आहेस रे!"

"जरा चहा टाकतेस? दुसरा."

ती आत गेली. क्लेमने घाईघाईने त्र्याण्णव साल उघडलं. हे पान त्याने तेव्हापासून पुन्हा कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी नोरीनची आई वारली होती. बायकोच्या तोंडावर एकदा तरी हसू यावं, एवढंच त्याला वाटलं होतं, आणि पहिल्या आलेल्या चौदा नंबरच्या केकसमोरचं थेल्माचं नाव बदलून त्याने नोरीनचं घातलं होतं; निकालही तसाच जाहीर झाला. नोरीनला कधी सांगायचा धीर झाला नाही. आता निदान थेल्मा हयात असताना ते परत बदलायचं होतं.

चौदा नंबर सापडला. क्लेमने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

समोर नाव होतं थेल्मा ग्रिग. बाजूला दोन ओळी होत्या.

बदल: क्लेम हार्डविक, ६ ऑक्टोबर १९९३.

बदल: नोरीन हार्डविक, ७ ऑक्टोबर १९९३.